काठ, टिकल्या आणि शेंडी: प्रदर्शनातल्या कोंबड्यांची जुनी चित्रं पाहायला आणि जपायला शिकताना

जुन्या इंग्रजी पुस्तकातलं एक पान. त्यावर मुठीएवढा कोंबडा उभा आहे, छाती पुढे, पंख जमिनीला टेकायला आलेले. अंगभर सोनेरी पिसं आणि एकेका पिसाला चारी बाजूंनी बारीक काळा काठ. हा सेब्राइट. सर जॉन सेब्राइट नावाच्या इंग्लिश जमीनदाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षानुवर्षं निवड करत ही बुटकी जात घडवली. त्या काठाकडे पाहताना मला पहिल्यांदा आठवलं ते आईचं इरकल. तेव्हापासून मी ही चित्रं पाहते आहे, त्यांच्याबद्दल वाचते आहे आणि जमेल तशी गोळाही करते आहे.

या विषयाकडे वळणारे बहुतेक जण थेट खरेदीने सुरुवात करतात आणि फसतात, किंवा दोन-चार सुंदर चित्रं भिंतीला लावून थांबतात. माझं सांगणं एवढंच आहे की आधी पक्षी वाचायला शिका. कागद, छपाई, किंमत हे सगळं त्यानंतर. ही चित्रं नुसती शोभेसाठी काढलेली नव्हती. प्रदर्शनाच्या परीक्षकाने काय पाहावं आणि पाळणाऱ्याने पुढची पिढी कशी निवडावी, हे सांगण्यासाठी ती होती. चित्रकाराने काढलेला काठ पुढच्या दहा वर्षांत खऱ्या पिसावर उतरवायला लोक धडपडत. पाहणाऱ्यालाही म्हणून थोडं परीक्षक व्हावं लागतं.

पहिली पायरी: पक्ष्याचे अवयव पाठ करा

गावाकडे कोंबड्या पाळलेल्यांना यातलं बरंच येतं. डोक्यावरचा तुरा, चोचीखाली लोंबणारे गलोल, कानाची पाळी, मानेची लांब पिसं, पाठीवर खोगिरासारखी पसरलेली पिसं, शेपटीतली विळ्यासारखी वळलेली दोन मोठी पिसं, पायाची नळी, बोटं आणि नळीमागचा काटा. कुठलंही चित्र समोर आलं की याच क्रमाने वरून खाली उतरायची सवय लावा.

तुऱ्यापासून सुरुवात करा, कारण जात ओळखायला तो सर्वांत उपयोगी. करवतीच्या दात्यांसारखा एकेरी तुरा आपल्या गावठी कोंबड्यालाही असतो; कोचीन, लेगहॉर्न, स्पॅनिश या जातींतही तोच. हॅम्बर्गचा तुरा रुंद, वरून बारीक खडबडीत आणि मागे एका टोकाशी निमुळता होणारा असतो. त्याला रोज, म्हणजे गुलाब तुरा म्हणतात. ब्रह्माचा तुरा ठेंगणा, तीन ओळींचा, वाटाण्याच्या शेंगेची आठवण करून देणारा. सिल्कीचा अक्रोडाच्या गरासारखा. रोज आणि वाटाणा या दोन तुऱ्यांच्या संकरातून अक्रोड तुरा येतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम बेटसन आणि रेजिनल्ड पनेट यांनी केंब्रिजमध्ये दाखवलं. मेंडेलचे नियम वनस्पतींबरोबर प्राण्यांनाही लागू पडतात, हे ज्या प्रयोगांनी सिद्ध झालं त्यांत कोंबड्यांचे तुरे होते. मला ही गोष्ट फार आवडते.

मग पिसांची नक्षी. यासाठी आपल्याकडच्या लुगड्यांची भाषा अगदी चपखल बसते, आणि मी माझ्या वहीत तीच वापरते. पिसाच्या कडेने सगळीकडे रेघ असेल तर काठाचं पीस. फक्त टोकाला गोल काळा ठिपका असेल तर टिकलीचं पीस. आडव्या बारीक रेघा असतील तर रेघांचं. रुंद आडवे पट्टे असतील तर पट्ट्यांचं, म्हणजे प्लिमथ रॉक कोंबडीसारखं. सेब्राइट आणि वायनडॉट काठाचे. हॅम्बर्गमध्ये टिकलीचे आणि रेघांचे असे दोन्ही प्रकार. गडद ब्रह्मा कोंबडीच्या पिसावर मात्र रेघा आडव्या जात नाहीत. पिसाच्या आकारामागून आकार धरत त्या आत आत जातात, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारख्या. चित्रकार कच्चा असेल तर तो इथेच चुकतो.

दुसरी पायरी: पाच जाती धरून बसा

सगळ्या जाती एकदम शिकायला जाऊ नका. पाच पुरेत. त्या पाच ओळखता आल्या की बाकीच्या आपोआप वेगळ्या दिसू लागतात.

पोलिश. डोक्यावर पिसांचा मोठा गोल झुबका, काही प्रकारांत दाढीही. शेंडी हा शब्द इथे अगदी योग्य. नाव पोलिश असलं तरी जुन्या डच चित्रांत हा पक्षी भरपूर दिसतो. सतराव्या शतकातल्या मेल्खियोर द हॉन्डेकूटरच्या चित्रांत तो मोठ्या दिमाखात वावरतो. झुबक्याखाली कवटीला हाडाचं टेंगूळ असतं, म्हणून चांगल्या चित्रात शेंडी कपाळावरून उंच उठलेली दिसते आणि नाकपुड्याही उघड्या, फुगीर दिसतात. नुसती साध्या डोक्यावर टोपी ठेवल्यासारखी शेंडी दिसली तर चित्रकाराने पक्षी हातात घेतलेला नाही, असं खुशाल समजा.

सेब्राइट. यात एक खूण लक्षात ठेवा. या जातीच्या कोंबड्याला कोंबडीसारखीच पिसं असतात. मानेवर टोकदार लांब पिसं नाहीत, शेपटीत विळे नाहीत. चित्रात सेब्राइट कोंबड्याला झोकदार वळलेली शेपटी असेल तर ते चित्र चुकलेलं आहे, किंवा खालचं नाव चुकलं आहे.

हॅम्बर्ग. हिचं जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहराशी नातं नावापुरतंच. टिकलीवाल्या हॅम्बर्ग उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशर आणि यॉर्कशरच्या कामकरी लोकांनी वाढवल्या. लँकेशरमध्ये त्यांना मूनी म्हणत, पिसाच्या टोकावरच्या चंद्रासारख्या टिकलीवरून. यॉर्कशरमध्ये फेझंट. कानाची पाळी पांढरीशुभ्र हवी. तुमच्या चित्रात ती लाल असेल तर पुन्हा पाहा.

कोचीन. आपल्याला हे नाव वाचून केरळ आठवतं, पण हा पक्षी चीनमधून, शांघायकडून आला. कोचीन-चायना हे नाव त्याला चुकून चिकटलं. अंगभर फुगलेली मऊ पिसं, पायांच्या बोटांपर्यंत पिसांचे पायघोळ, शेपूट जवळजवळ दिसतच नाही.

सिल्की. पिसं लोकरीसारखी, कातडी काळी, पायाला पाच बोटं, तुरा जांभळट, कानाच्या पाळीवर निळसर झाक. मांजरासारखे केस असलेल्या कोंबड्या मार्को पोलोने चीनच्या वर्णनात सांगितल्या आहेत, आणि १६०० साली बोलोन्याच्या उलिसे आल्द्रोवांदीने आपल्या पक्षिग्रंथाच्या दुसऱ्या खंडात लोकरी कोंबडीचं लाकूडछाप चित्र छापलं आहे. कोंबड्यांच्या चित्रांचा शोध घेताना मागे जायचं तर तो ग्रंथ गाठावाच. आपल्या झाबुआच्या कडकनाथचीही कातडी काळीच, म्हणून काही जण सिल्कीचं चित्र पाहून कडकनाथ म्हणतात. पीस पाहा. कडकनाथचं पीस साधं असतं.

तिसरी पायरी: पक्ष्याच्या बांध्यावरून चित्राचा काळ काढा

हा भाग सर्वांत रसाळ, आणि पुस्तकविक्रेत्यांपैकीही फार थोड्यांना येणारा.

लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या विंडसरच्या कुक्कुटगृहातल्या कोचीन पक्ष्यांचं चित्र छापलं. त्यातले पक्षी उंच, लांब पायांचे, जरासे किडकिडीत आहेत. आजचा कोचीन ज्याने पाहिला आहे त्याला ही तीच जात आहे हे पटणार नाही. तीस वर्षं पुढे या. १८७० च्या दशकातल्या रंगीत चित्रांत तोच कोचीन बुटका, गादीसारखा फुगलेला, पाय पिसांत बुडालेले. मधल्या काळात काय झालं? इंग्लंडमध्ये १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं, मग बर्मिंगहॅममध्ये दरसाल भरू लागलं. अमेरिकेत १८४९ च्या नोव्हेंबरात बॉस्टनला पहिलं मोठं प्रदर्शन झालं आणि दहा हजारांवर लोक पाहायला आले. आशियाई मोठ्या पक्ष्यांच्या किमती इतक्या चढल्या की लोक त्या वेडाला कोंबड्यांचा ताप म्हणू लागले. जॉर्ज बर्नहॅम या व्यापाऱ्याने १८५२ मध्ये करड्या रंगाचे पक्षी थेट राणीला भेट म्हणून पाठवले. तेच पुढे ब्रह्मा म्हणून ओळखले गेले. नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून आलं, आणि हे पक्षी मुळात चितगावकडचे की शांघायचे यावर पुढे कित्येक वर्षं भांडणं चालली. प्रदर्शनात फुगीर पक्ष्याला बक्षीस मिळे, म्हणून पाळणारे फुगीर पक्षी निवडत, आणि चित्रकार त्याहून थोडा जास्त फुगीर काढे.

झुंजीच्या कोंबड्यांचंही असंच. १८३५ आणि १८४९ च्या कायद्यांनी इंग्लंडमध्ये झुंजींवर बंदी आली. आखाड्यातला पक्षी प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात गेला, आणि पुढच्या काही दशकांत त्याचे पाय आणि मान लांबत गेले. झुंजीचा पक्षी भरदार, रुंद छातीचा दिसला तर चित्र जुन्या परंपरेतलं. काठ्यांवर उभं केल्यासारखा सडपातळ दिसला तर ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा नंतरचं. स्पॅनिश कोंबड्याचा पांढरा चेहराही असाच दर दशकाला मोठा होत गेलेला दिसेल, शेवटी डोळा झाकेपर्यंत. ही चित्रं पाहताना मला वाईट वाटतं. माणसाच्या हौसेचं ओझं त्या पक्ष्याने डोक्यावर वागवलं.

आणखी एक सोपी कसोटी म्हणजे जातीचा जन्म. सुलतान नावाची पांढरी, शेंडी-दाढीवाली, पाच बोटांची कोंबडी १८५४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून इंग्लंडला आली. लँगशॅन १८७२ मध्ये. वायनडॉटला अमेरिकेच्या मानकात, म्हणजे जातींच्या अधिकृत नियमग्रंथात, १८८३ मध्ये जागा मिळाली. काळी ऑर्पिंग्टन विल्यम कुक यांनी १८८६ मध्ये लोकांपुढे आणली, पिवळसर तांबूस रंगाची १८९४ मध्ये. तेव्हा कुणी तुम्हाला ऑर्पिंग्टनचं चित्र १८६० सालचं म्हणून दाखवलं तर पुढे काही पाहायची गरज नाही.

भारताचा धागा इथे खरोखर आहे, ओढूनताणून आणलेला नाही. आपला झुंजीचा कोंबडा, असील, इंग्लंडला गेला, आणि कॉर्नवॉलमध्ये त्याच्या रक्तातून इंडियन गेम नावाची जात उभी राहिली. तिच्या कोंबडीच्या तांबूस पिसावर दुहेरी काठ असतो. डार्विनने १८६८ च्या ग्रंथात सगळ्या पाळीव कोंबड्यांचं मूळ तांबड्या रानकोंबड्यात शोधलं. त्याच ग्रंथात स्पॅनिश, हॅम्बर्ग आणि पोलिश यांची लाकूडछाप चित्रं आहेत, नवख्याने अवश्य पाहावीत अशी. पण २००८ मध्ये असं दिसलं की पाळीव कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते राखी रानकोंबड्याकडून आलेलं आहे. हा तोच आपल्या सह्याद्रीतला पक्षी, ज्याची हाक भीमाशंकरच्या, कोयनेच्या रानात पहाटे ऐकू येते. जुन्या चित्रातले पिवळे पाय दिसले की मला तो आठवतो.

चौथी पायरी: हात ओळखा

फार नावं नकोत. हॅरिसन वेअर, जन्म १८२४, मृत्यू १९०६. हा माणूस प्राणी जिवंत पाहून काढायचा. १८५३ च्या आणि नंतर विल्यम टेगेटमायर यांच्या १८६७ च्या कुक्कुटग्रंथात त्याची रंगीत चित्रं आहेत, लेटन ब्रदर्स यांनी छापलेली. त्याच्या चित्रांत अंगण असतं, गवत असतं, पिल्लं असतात, कोंबडी खरंच दाणे टिपते. (मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शनही यानेच १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरवलं होतं.)

दुसरा जे. डब्ल्यू. लडलो, बर्मिंगहॅमचा. लुइस राइट यांच्या १८७० च्या दशकातल्या मोठ्या सचित्र ग्रंथातली पन्नास रंगीत पानं त्याची. लडलोचे पक्षी बाजूने, जोडीने, प्रदर्शनाच्या टेबलावर उभे केल्यासारखे दिसतात, आणि खाली बऱ्याचदा मालकाचं नाव आणि मिळालेली बक्षिसं छापलेली असतात. नवख्याने लडलोपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. वेअर जास्त जिवंत आहे, पण नक्षी शिकायला लडलोच हवा. त्याचं एकेक पीस मोजता येतं.

अमेरिकेत फ्रँकलेन स्यूएल आणि आर्थर शिलिंग. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या मानक ग्रंथासाठी यांनी आदर्श पक्षी काढले. हे पक्षी कुणा एका खऱ्या पक्ष्याचे नाहीत. लिखित नियमाला दिलेला तो देह आहे. त्या काळात फोटोंवरही रंगाचा हात फिरवून शेपूट नीट करत, पाठ भरत. म्हणून विसाव्या शतकातल्या जुन्या फोटोवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. फ्रान्सचा शार्ल जाक हा बार्बिझोंचा चित्रकार; त्याने १८५८ मध्ये कोंबड्यांवर स्वतःच पुस्तक लिहून स्वतःच सजवलं. हॉलंडचा फान गिंक वेगळ्या पिढीतला, स्वच्छ रेषेचा.

आणि या सगळ्यांपासून दूर, जपानमध्ये इतो जाकुचू. अठराव्या शतकातला. अंगणात कोंबड्या पाळून त्यांचं निरीक्षण करत त्याने रेशमावर जे कोंबडे रंगवले, ते प्रदर्शनासाठी नव्हते. तरी मी ते प्रत्येक नवख्याला दाखवते, कारण पिसाकडे किती लक्ष देता येतं हे तिथे कळतं.

पाचवी पायरी: भिंग घ्या

घड्याळजी वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. माझी पहिली खरेदी मी भिंगाशिवाय केली. विकणाऱ्याने दीडशे वर्षं जुनं म्हणून दिलेलं ब्रह्माचं चित्र घरी आणल्यावर महिन्याभराने मित्राच्या भिंगाखाली धरलं, तर सगळीकडे चार रंगांच्या ठिपक्यांची सारखी फुलं. आधुनिक ऑफसेट. कागदाला चहाच्या पाण्याने म्हातारं केलं होतं. ते चित्र मी फेकलं नाही, शिकवायला ठेवलं आहे.

भिंगाखाली काय दिसतं ते सांगते. लाकूडछापात रेघा स्वच्छ, कडा धारदार, आणि कागद उलटून प्रकाशात तिरका धरला तर कधी कधी दाब जाणवतो. ही चित्रं कठीण बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर कोरलेली. लेटन ब्रदर्सच्या रंगीत पानांत रंगाच्या आतही अशा कोरलेल्या रेघा दिसतात. ताम्रपटावरून छापलेल्या चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याचा चौकोनी दाब उमटलेला असतो, पानं कापली गेली नसतील तर.

शिळाछापात कण असतात, पण विस्कळीत, वाळूसारखे. त्यांना ओळ नसते. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, म्हणून तुऱ्याच्या किंवा चोचीच्या कडेला एखादा रंग केसभर सरकलेला सापडतो. आपल्याला हे तंत्र परकं नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये छापलेलं मराठी पंचांग शिळाछापाचंच होतं, आणि राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेला छापखाना रंगीत शिळाछापाचाच. घरात आजीच्या देवघरातली जुनी लक्ष्मी किंवा सरस्वती असेल तर तिच्यावर आधी भिंग धरून पाहा. तिच्या साडीच्या काठात जे कण दिसतील, त्यांचे भाऊबंद लडलोच्या कोचीनच्या पाठीवर आहेत.

हाताने रंगवलेल्या चित्रात रंग रेघेबाहेर थोडा जातो, आणि काळ्या शेपटीवर गोंदाची चकाकी असते.

ठिपक्यांची फुलं दिसली म्हणजे चित्र बनावटच, असं मात्र नाही. १८९० नंतर ठिपक्यांची छपाई हळूहळू सगळीकडे आली, आणि विसाव्या शतकातली कितीतरी अस्सल चित्रं तशीच छापलेली आहेत. मग कागद पाहायचा. नोटा तपासायचा जांभळट दिवा घेऊन अंधारात कागदावर धरा. १९५० च्या आसपासपासून कागदात उजळपणासाठी मिसळलेली द्रव्यं त्या उजेडात निळसर पांढरी चमकतात. जुना कागद मंद, पिवळसर राहतो. दिवा दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो आणि हजारो वाचवतो.

सहावी पायरी: आधी फुकट पाहा, भरपूर पाहा

विकत घेण्याआधी किमान पाचशे चित्रं पडद्यावर पाहा. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आणि इंटरनेट आर्काइव्ह इथे जुने कुक्कुटग्रंथ पानापानाने स्कॅन केलेले मिळतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफरसन बर्डिक यांनी दिलेला छापील कार्डांचा प्रचंड संग्रह आहे. त्यात ॲलन अँड गिंटर या तंबाखू कंपनीने १८९१ मध्ये सिगारेटच्या पाकिटांबरोबर दिलेली पन्नास कोंबड्यांची कार्डं आहेत, नखाएवढ्या जागेत अख्खा कोंबड्याचा रुबाब.

शोधताना जातीचं इंग्रजी नाव आणि चित्रकाराचं आडनाव एकत्र टाका. उतरवून घेतलेल्या प्रत्येक चित्राच्या फाइलला लगेच नाव द्या: जात, चित्रकार, वर्ष, पुस्तक. हे आज केलं नाही तर सहा महिन्यांनी तीनशे अनामिक कोंबडे हाती राहतात.

ही चित्रं छापून विकायची, टीशर्टवर घ्यायची असतील तर हक्क तपासा. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, त्या वर्षअखेरीस हक्क संपतो. वेअर केव्हाच मोकळा आहे. फान गिंक १९६८ मध्ये गेला, म्हणून त्याची चित्रं आपल्याकडे २०२८ अखेरपर्यंत बांधलेली. अमेरिकेत हिशोब बऱ्याचदा प्रकाशनाच्या वर्षावरून, पंच्याण्णव वर्षांचा.

सातवी पायरी: खरेदी

कार्डांपासून सुरू करा. इंग्लंडच्या जॉन प्लेअर अँड सन्सने १९३१ मध्ये काढलेला पन्नास कोंबड्यांचा संच भरपूर छापला गेला होता, आजही सापडतो आणि मोठ्या पानांच्या मानाने स्वस्त पडतो. पाठीमागे जातीची माहिती छापलेली असते, म्हणजे शिकणंही होतं. मोठ्या पानाकडे नंतर वळा, आणि विक्रेत्याकडे नेहमी तीन गोष्टी मागा: पानाची मागची बाजू, कोपऱ्यांचे जवळून काढलेले फोटो आणि ते कुठल्या पुस्तकातून आलं याची माहिती. मागचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

एक विनंती आहे. अख्खं, शाबूत पुस्तक मिळालं तर त्याची पानं कापून वेगळी विकू नका, आणि तशी कापणाऱ्यालाही प्रोत्साहन देऊ नका. आधीच फार पुस्तकं अशी गेली आहेत. ज्यांची बांधणी केव्हाच सुटलेली आहे, त्यांची पानं बाजारात पुरेशी आहेत.

आठवी पायरी: आपल्या हवेत जपणं

इंग्लंडमधल्या सल्ल्यांवर फार विसंबू नका. तिथल्या लेखकांनी कोकणातला जुलै पाहिलेला नाही. आपला मोठा शत्रू ओल. दमट हवेत कागदावर तांबूस डाग पडतात, बुरशी धरते, कसर लागते. शक्य झाल्यास हवेतला ओलावा पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा. ते नाही जमलं तर निदान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला त्या बदला. डबा भिंतीला टेकवू नका, बाहेरच्या भिंतीला तर मुळीच नाही.

लॅमिनेशन कधीही नाही. चिकटपट्टी कधीही नाही; ती दहा वर्षांत पिवळी होऊन कागदात उतरते आणि मग निघत नाही. पान माउंटला लावायचं तर पातळ जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या करून गव्हाच्या खळीने फक्त वरच्या कडेला चिकटवा. माउंट सुती, आम्लविरहित कागदाचा मागा. फ्रेमवाल्याला आधीच सांगा की चित्र काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवीच. आणि मागे हार्डबोर्ड नको, त्यातलं आम्ल कागदात उतरतं. माझ्या फ्रेमवाल्या काकांना हे पटायला दोन चित्रं लागली, आता ते स्वतःच दुसऱ्यांना सांगतात.

उन्हाची भिंत टाळा. हाताने रंगवलेल्या चित्रातले नाजूक रंग उन्हात आधी उडतात.

शेवटी वही

संग्रहाची एक वही ठेवा, साधी दोनशे पानी. प्रत्येक चित्राला एक पान. जात, चित्रकार, छपाईचा प्रकार, कुठून आलं, किती रुपये, मागे काय लिहिलं आहे. आणि खाली तुम्ही परीक्षक म्हणून काय पाहिलं ते: तुरा, पाळी, पीस, पाय. चित्रावर काही लिहायचंच असेल तर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने, बारीक. माझ्याकडच्या एका लडलोच्या पानामागे कुणीतरी असंच पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, इंग्रजीत: कोंबडी चांगली, कोंबड्याचा तुरा मोठा. कुणी लिहिलं, कधी, ठाऊक नाही. मी चित्र उलटून पाहिलं. तुरा खरंच मोठा आहे.